कर्मणी प्रयोग

सोम्पाने लोखंड तापवलं.
सोम्पाने पातं ठोकलं, उलटवलं, पुन्हा ठोकलं,
तळ्याचं पाणी आणून विझवलं.

बघा, इथवर माझं काही अडलं नाही.

टेम्पे तळ्याच्या काठी, खांबांवर उभ्या घराच्या पोटाखाली
ही भट्टी. बांबूच्या दोन उभ्या नळ्यांचा भाता,
आत कोंबडीच्या पिसांचे दट्टे,
एक वर, एक खाली.
ते ओढता ओढता भाची बेस्से सांगते, बुगी भाषेत,
आणि तिच्या बोलण्यात सोम्पा
ना तो, ना ती.
त्यांच्याकडे सर्वनाम एकच. घरातल्या सगळ्यांना पुरतं,
गोठ्यातल्या म्हशीलाही.

फक्त नावाच्या पुढे एक अक्षर लागतं :
बाईच्या 'इ', पुरुषाच्या 'ला'.
(आमचा 'ला' नावाच्या मागे लागतो
आणि कुणालाही लागतो.)
जन्मल्यावर इ सोम्पा.
सतराव्या वर्षी मामाच्या भट्टीवर पहिली कट्यार घडवली.
मामाने धार नखावर घासून पाहिली, म्हणाला,
"ला सोम्पा, चल जेवायला."

आई रडली म्हणतात.
पण ताट वाढलं ते पुरुषांच्या पंगतीत.

गावाकडे शब्द होता : चलालाई.
शब्द असला की बसायला जागा मिळते.
तरी लग्नघरात काही लोक
जरासे सरकून बसायचे, बेस्से म्हणते,
आणि तीच माणसं सुगीच्या आधी
कोयते घेऊन दारात उभी.

एकदा जावाहून कारकून आला, ओळखपत्रं करायला.
कागदावर दोन चौकटी. एकीत खूण करा.
सोम्पाने अंगठा उठवला,
इतका काजळलेला की दोन्ही चौकटी बुजल्या.
"पुन्हा," कारकून म्हणाला.
पण जादा कागद नव्हता, आणि होडी सुटायची वेळ झालेली.

शाळेत परब बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं :
रामाने आंबा खाल्ला.
क्रियापद रामाकडे बघत नाही रे, आंब्याकडे बघतं.
तेव्हा हे गुण मिळवायला पाठ केलं.
आता कळतं, केवढी मोठी पडवी आहे ही
आमच्या भाषेच्या घराला :
जे घडवलं त्याचं लिंग विचारतात,
घडवणाऱ्या हाताचं नाही.
आणि घडवलेल्याचं तरी काय?
चाकू तो, सुरी ती, पातं ते,
एकाच सळईतून.

येणं-जाणं मात्र अवघड.
उठणं, बसणं, हसणं, दमणं,
दर वेळी दारात कुणीतरी विचारतं, कोण?
म्हणून या कवितेत सोम्पा कुठून आल
आणि कुठे बस
हे मला लिहिता येत नाही.

गेल्या पुरात पाणी भट्टीच्या कडेपर्यंत चढलं.
सोम्पाला तीन दिवस ताप होता.
चौथ्या पहाटेचं बेस्से एका शब्दात सांगते
आणि भात्याकडे वळते.
तो शब्द मला मराठीत आणायचाय.
सोम्पा वार—
नाही.

सोम्पाने डोळे मिटले.

चाललं. क्रियापद डोळ्यांकडे बघतंय.

तसा मीही एवढ्या ओळींत
कुठे आलो नाही, कुठे गेले नाही;
तुमच्या ते लक्षात आलं असेल किंवा नसेल.
बेस्सेला लवंगाची सिगरेट पेटवायची होती.
तिने एक दट्टा माझ्या हातात दिला.
मी ओढला.