विरजण

लोट्यात, चाचणीच्या टाकीत आम्ही शेण कालवलं,
झोऱ्यांच्या गोठ्यातलं, अकरा पाट्या,
आणि झाकण आवळलं.
ह्यांना वारा लागता कामा नये.

मग फिनॉलचं पाणी. आधी तांब्याभर.
चौथ्या दिवशी आंबलं; चुना घातला.
पुन्हा रुसलं. थांबलो.
नसरीन परकार, आमच्या केमिस्ट, म्हणाल्या,
घाई कराल तर नासेल.

सत्तेचाळिसाव्या रात्री
नळीच्या तोंडाशी काडी धरली:
बोटभर ज्योत, निळसर,
उजेडात दिसलीही नसती.

पहाटे खाडीवर बुधाजी भोई
रिकामं जाळं झटकत होता.
मी हाक मारली नाही.
काय सांगणार,
तिकडे झाकणाखाली, अंधारात,
कुणीतरी विष जेवायला शिकतंय म्हणून?

तांब्याची आता कळशी झालीय.
नाला अजून तांबडाच.