थोडक्यात

आल्बमचं नाव आधीच ठरलं होतं: ‘थोडक्यात’.
आणि दुसऱ्या बाजूचं एकुलतं एक गाणं
भरलं सव्वीस मिनिटं.

तबकडीची एक बाजू बावीस मिनिटं सोसते,
त्यापुढे खाचा दाटीनं बसतात, आवाज बारीक होतो.
हे मी सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही.
आयुष्य किती तोकडं, एवढंच म्हणायचं होतं पोरांना,
आणि त्यालाच चार मिनिटं कमी पडत होती.

रबाळ्याच्या एमआयडीसीतला हा गाळा बाबांचा.
गास्केटं कापायचे ते इथे; एसी बंद केला
की अजून भिंतींना रबराचा वास सुटतो.
मी फोम चढवला, दोनदा कर्ज काढलं,
तरी पलीकडच्या गाळ्यातला प्रेस
येतोच प्रत्येक टेकमध्ये:
पाच ठोके आणि सहावा दणका,
पाच ठोके आणि सहावा दणका.

दर्पण भोईर सातात वाजवतो, हट्टानं.
घणसोलीत त्याच्या घरी हळदीपासून विसर्जनापर्यंत
सगळं चारात चालतं, म्हणून सात.
बिजूनं ऑर्गनवर एकच स्वर धरलाय पाच मिनिटं;
तो मरणाचा आहे म्हणे, कापायचा नाही.
यज्ञेश टिपणीस आजोबांच्या दहाव्याहून थेट इथे आला होता,
ओल्या केसांनी वाजवलेली ती गिटार,
तीही कापायची नाही.

रात्री दोनला शटरखालून वाकून
आत आले बळीराम सोनकांबळे, प्रेसवरचे.
हातात डबा, कानात कापूस.
‘अकरा महिने ऐकतोय तुमचं. भिंतीतून कोपरात येतं.
तुम्ही सातात, मी सहात.
बेचाळिसाव्याला आपण भेटतो.
एकदाच. मग परत ज्याचं त्याचं.’
बोटांची पेरं मोजून दाखवली त्यांनी.
‘तिसरी शिफ्ट त्याच्यावर काढली मी.’

दर्पणनं काठ्या खाली ठेवल्या.

कापलं शेवटी मीच, कुणाला न विचारता.
बिजूचा स्वर अडीच मिनिटं आधी मेला.
यज्ञेशनं महिनाभर फोन उचलला नाही.
दणके मात्र एकही पुसला नाही.

दिवाळीनंतर प्रेस वापीला गेला. बळीराम नाही गेले.
आता टेक स्वच्छ येतात,
इतके स्वच्छ की दर्पण सातव्यावर अडखळतो
आणि भिंतीकडे बघतो.

तबकड्या आल्या, साडेतीनशे नग.
एक घेऊन मी दिघ्याला गेले, बळीरामांच्या खोलीवर.
वाजवायला काही नव्हतं त्यांच्याकडे.
दारातल्या उन्हात तिरपी धरून
ते नखानं खाचा मोजू लागले
आणि थांबले.
‘अहो, ही तर एकच रेघ आहे.
नुसती आतआत जाते.’

मग जरा वेळानं:
‘यातलं आपलं कुठलं?’

मी बोट ठेवलं.
अंदाजानं.