पाणसळ

बत्तीस वर्षं उद्यमबागेत लेथवर उभा राहिलेला माणूस
आज नदीकाठी उकिडवा बसलाय
आणि जमीन त्याचं ऐकत नाही.

असोग्याच्या अलीकडं, मलप्रभेच्या वळणावर,
जिथं वाळू संपून काळी माती सुरू होते,
तिथं त्यानं गाडी लावली.
गाडी म्हणजे काय, भंगारातला आस,
त्यावर पत्र्याची खोली, जुन्या ओम्नीच्या मागं जोडलेली,
खिडकीला माझ्या विटलेल्या इरकलीचा पडदा.
गल्लीतले म्हणाले, कल्लाप्पानं रिटायर होऊन
कोंबड्यांचं खुराडं बांधलं.
त्यानं ऐकून घेतलं,
आणि दाराची बिजागरी आणखी अर्धा सूत घासली.

आधी आडवी पाणसळ.
उजवं चाक खाली, बुडबुडा डावीकडं पळून बसलेला.
"फळी आण." आणली.
"ती नको, पातळ." पातळ आणली.
मी पुढं उभी, हात हलवत: ये, ये, ये की, बास!
ओम्नी कण्हली, चाक फळीवर चढलं,
बुडबुडा दोन्ही रेघा ओलांडून उजवीकडं गेला
आणि ह्यानं कपाळावर हात मारला,
जॉब रिजेक्ट झाल्यावर मारायचा तसा.

मग चाकांना दगडाची उटी.
मग आकडा सोडवून दांडीखालचा जॅक:
दोन आटे वर, एक खाली, पाव वर.
मेंढरं पाण्यावर आणलेला बीराप्पा
काठी टेकून हे सगळं बघत होता.
"साक बिड्री," तो म्हणाला. पुरे, सोडा आता.
"इन्न स्वल्प," ह्यानं वर न बघता सांगितलं.
स्वल्प म्हणजे काय ते दोघांनाही कळतं,
किती स्वल्प, ते फक्त ह्यालाच.
शेवटी बीराप्पानंच आपल्या चुलीची
खानापूरच्या भट्टीतली अर्धी वीट उचलून
मागच्या पायाखाली सरकवली,
आणि उरलेल्या दोन दगडांवर
भांडं कसं बसेल याचा विचार करत गेला.

गेल्या वर्षी एका सकाळी
मी उशीवर डावीकडं वळले आणि छत फिरलं,
कपाट फिरलं, भिंतीवरचं कॅलेंडर फिरलं,
हा दारातून धावत आला तोही फिरत फिरत.
डॉक्टर म्हणाले, कानात पाणी असतं,
त्यात बारीक खडे सुटलेत.
रिक्षात हा काही बोलला नाही.
टिळकवाडीचं गेट पडलं होतं, मालगाडी जात होती,
तेव्हा एवढंच विचारलं,
"केवढे असतील ते खडे? मायक्रोनमध्ये?"
मला काय माहीत.
त्या आठवड्यात आमच्या पलंगाच्या एका पायाखाली
पत्र्याची गोल चकती आली.
त्यानं सांगितलं नाही,
मी केर काढताना तिच्याभोवतीनं झाडू फिरवत राहिले.

अंधार पडला तरी त्याचं समाधान नाही.
परातीत काठोकाठ पाणी ओतून
खोलीच्या मधोमध ठेवली,
बॅटरी तोंडात धरून चारी बाजूंनी रांगला.
पाणी कुठूनच सांडलं नाही.
"झोप आता," म्हणाला. "कुठल्याबी कुशीवर."

रात्री नदीचा आवाज फरशीखालून येत होता.
मी आधी उजवीकडं वळले, सवयीनं.
मग थांबले.
मग डावीकडं.
छत जिथल्या तिथं.
त्यानंतरचं काही आठवत नाही.

सकाळी उठले तर हा पाण्यावर गेलेला,
बीराप्पाशी तंबाखू मळत उभा.
वीट रात्रीत मातीत चांगली बोटभर रुतली होती.
ओट्यावरच्या पाणसळीतला बुडबुडा
रेघा सोडून पार कोपऱ्यात,
शाळा चुकवलेल्या पोरासारखा.
मी तिच्यावर चहाचं फडकं टाकलं.

"लेव्हलात हाय न्हवं?" त्यानं दारातून विचारलं.
"हाय की," म्हटलं.
कपातला चहा एका काठाला लागला होता.
तो काठ माझ्याकडं फिरवून
मी कप त्याच्यापुढं धरला.