काथ्या

जांभळी नाक्यावर भिवा आगवणे
बुटाच्या तळाला अंगठा दाबून विचारतो,
खिळे मारू का? डोंगर कुठला?

येऊरचा. मागची उतरण, जिथं कारवी संपते
आणि कातळावर वाळकं गवत झोपलेलं असतं
विंचरल्यासारखं, डोकं खाली करून.
चिखल परवडला. हे गवत
माणसाला आवाज न करता नेतं.

खिळे कातळावर बोलतात, भिवा.
डुक्कर दोन ओहोळ पलीकडून ऐकतं.
टायरचा तळ मुका, पण मुरुमावर फितूर.

"मग काथ्या घे. दोन वेढे, टाचेपुढं गाठ."
तीस रुपये.

मला शिकार नाही करायची,
फॉरेस्टचे कॅमेरे झाडांना बांधायचेत.
उतरायचं मात्र त्याच वाटेनं
जिथून बाप अनवाणी
भाला आडवा धरून उतरायचा,
आणि एकदाच
भाला वरच टाकून
ढुंगणावर घसरत खाली आला.
त्यावर घरात कुणी हसलं नाही.

त्याच्या टाचेच्या भेगेत
मी लहानपणी चिंचोका बसवून बघायचो.
बसायचा.

भिवा म्हणतो, पाय दाव, माप घेतो.
मी मोजा काढतो.
टाच गुळगुळीत,
धरायला काहीच नाही.