पाऊणपट

वकीलबाई मुंब्र्याहून आल्या, विटाव्याच्या पुलाखाली रिक्षा सोडून.
पाणी पुढे केलं तर म्हणाल्या, रोजा आहे.
मग पिशवीतून झेरॉक्स काढली
आणि माझीच सही माझ्यासमोर ठेवली :
बाळाराम जोमा भगत, पंच क्रमांक दोन.
सहीखालची रेघ तेव्हा लांब ओढायचो मी.

वाचून दाखवलं त्यांनी.
आरोपी जानू रावजी पागी, वय चोवीस, मिठागरावर मजूर,
याने स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय,
आम्हां पंचांसमक्ष पुढे चालत जाऊन
बांधापासून वीस पावलांवर, खाडीच्या चिखलातून
कोयता काढून दिला. वेळ दुपारी तीन.

काही आठवतं?

मी म्हटलं, सत्तावीस वर्षं झाली, बाई.
खोटं नव्हतं ते. झालीच होती.

पण रोज्याने घोटाळा केला.
कारण त्या दिवशी उपास मलाही होता.
फौजदारांनी वडापाव मागवले, मी नको म्हटलं, संकष्टी आहे,
तर हसले. म्हणाले, मग गणपतीला स्मरून कर सही.
होळी होऊन चार दिवस. फाल्गुन वद्य चतुर्थी.

चतुर्थी म्हटलं की डोक्यात बाप बोलतो.
शाळेची पायरी न चढलेला, होडीवर जन्म काढलेला :
तिथीला तिनानी गुन, बाला, चारानी भाग,
येल तो भरतीचा टाइम.

चार त्रिक बारा.
बारा भागिले चार.

तीन.

दुपारी तीनला तिथे चिखल नव्हता.
पाणी होतं, बांधाला टेकलेलं,
वीस पावलांवर पुरुषभर.
आणि जानू जव्हारकडचा, डोंगरातला,
गुडघ्याच्या वर पाणी आलं की देवाचं नाव घेणारा.

मग मी काय पाहिलं?
पोलीस चौकीतलं टेबल पाहिलं.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता,
पात्यावर अजून दुकानातलं तेल,
मुठीला तेवढा चिखल, बोटांनी लिंपल्यासारखा.
जानूला पाहिलं नाही.
ऐकला. आतल्या खोलीतून.
'वाचून पाहिला, बरोबर आहे' हे खाली आधीच छापलेलं होतं.
कोर्ट नाक्यावर माझी झेरॉक्सची टपरी होती.
होती म्हणजे, त्यांनी राहू दिली होती.

पुढे उलटतपासणीत कोणीच विचारलं नाही, पाणी किती होतं.
न्यायाधीश यवतमाळचे. त्यांना समुद्र सुट्टीत दिसायचा.
पंच क्रमांक एक कावीळ होऊन वारला.
जानू सुटला, अठरा वर्षं पुरी भोगून,
आता लोकांच्या माळावर गवत कापतो, विळ्याने.
पैसे नकोत म्हणतो, बाई म्हणाल्या.
कागद हवाय.

मुनिमाच्या बायकोकडेही गेले होते, त्या म्हणाल्या,
नौपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर.
वाटलं होतं दार लावून घेईल.
तिने बसवलं, पंखा लावला, सगळं ऐकून घेतलं
आणि विचारलं, मग कोणी?
रोज दिवा लावताना एकाच नावाला शिव्या घातल्या मी.
त्या आता कुठे ठेवू?

बाईंकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे तर नाहीच.

ऐरोलीला आता त्याच पाण्यात बोटी जातात,
रोहित पक्षी बघायला, तिकीट काढून.
बोट किती वाजता सुटणार ते भरतीवर ठरतं,
रोज लिहून लावतात फळ्यावर.
मुलंसुद्धा वाचतात.

कोर्टात सांगाल का हे? तुमच्या अंगाशी येईल, बाई म्हणाल्या.
भिंतीवरचं कॅलेंडर उगाच पाहिलं मी.
म्हटलं, येतो. पण चतुर्थीला नको, उपास असतो.

त्या पुलापर्यंत पोचल्या असतील, मी मागून हाक मारली.
चतुर्थीलाच ठेवा, बाई. वद्य. दुपारी तीन.
पण कोर्टात नको, बांधावर.
न्यायाधीशांना सांगा, चपला काढून या,
आणि पोहता येत असेल तर बरं.