पडद्याकडे पाठ

साहेब म्हणाले, गोणबरे, तुम्ही आत.
पडद्याखाली उभं राहायचं, तोंड पब्लिककडे.
कोण उठतं, कोण खिशात हात घालतं, तेवढं बघायचं.
पिच्चर बघायचा नाही.

चिंचपोकळीचं मयूरपंख टॉकीज. आठवडा पहिला.
शोकेसची काच फुटलेली,
फोटोतल्या बाईच्या कपाळावर काळं ऑइल,
केकीशेठ गल्ल्यावर इनो पीत बसलेले.
फाटकात आमची जाळीची गाडी,
गाडीसमोर घोषणा. त्याही यमकात.

म्हणे पिच्चरमधली बाई गाभाऱ्यात शिरते
आणि देवासमोर नको ते करते.
नको ते म्हणजे काय?
ज्याला विचारावं तो दुसऱ्याचं नाव सांगायचा.
मी रिपोर्टात लिहून टाकलं :
आक्षेपार्ह दृश्य, नग एक.

सहा दिवस, रोज चार खेळ.
चोवीस वेळा मी तो पिच्चर पाठीनं पाहिला.
उजेड माझ्या टोपीवरून जायचा
आणि लोकांच्या तोंडावरून परत यायचा.
नदी आली की पुढच्या रांगेतले हमाल पाय आखडून घ्यायचे.
कुठंतरी कडी लागायची,
आणि बाल्कनीतल्या बाया एकदम पदर सावरायच्या.
इंटरव्हलनंतर अकराव्या मिनिटाला
झाडूचा आवाज.
मग तोही थांबायचा.
त्यानंतर जे काय असेल ते असो,
चारशे माणसं खोकायची विसरायची.
शेंगदाण्याची पुडी अर्धी उघडून तशीच हातात.

मी काठी घट्ट धरून
आक्षेपार्ह दृश्याची वाट बघत राहायचो.
ते कधी येऊन जायचं, कळायचंच नाही.

सातव्या दिवशी, मॅटिनीला,
मे महिन्यात मफलर गुंडाळलेला एक जण.
ओळखला. दिगंबर साटम.
काच यानंच फोडलेली, अंगठ्याला अजून पट्टी.
मी नजर ठेवली त्याच्यावर.
नदी गेली, कडी लागली, झाडू थांबला.
साटमचा हात वर गेला.
मी एक पाऊल पुढे.
त्यानं मफलर सोडला
आणि त्याच मफलरनं नाक पुसलं.

तेव्हा मी वळलो.
एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
ड्युटीवर असताना वळलो.

पडद्याला बारीक बारीक भोकं असतात.
इतक्या जवळून आधी तीच दिसली.
मग एक टाच, माझ्याएवढी उंच, भेगाळलेली.
गाभारा. बाहेर ऊन, आत गार.
झाडून दमलेली बाई भिंतीला टेकून
फडक्याची गाठ सोडते.
भाकरी, वर मिरची.
एक तुकडा मोडून देवापुढे सरकवते,
शेजारीण बसली असती तर तिला दिला असता तसा.
जेवते. पाय लांब करते.
तिचा डोळा लागतो.

एवढंच.

माझी आई दादरला एका मंगल कार्यालयात झाडायची.
जेवायची जिन्याखाली, चपलांच्या शेजारी,
पंगतीकडे पाठ करून.
मी तिला विचारलं नव्हतं कधी.
मला वाटायचं, तिथं वारा येत असेल.

खेळ सुटला. साटम रेंगाळत आला,
म्हणाला, हवालदार, तो सीन कापला काय?
म्हटलं, नाही.
मग कधी आला?
मी काही बोललो नाही.
तो अंगठ्याची पट्टी खाजवत उभा राहिला,
मग फाटकातून बाहेर न जाता
गल्ल्याकडे वळला. सहाच्या खेळाची रांग लागत होती.

शुक्रवारी वरून ऑर्डर आली, पिच्चर उतरला.
केकीशेठनी नवी काच बसवली
आणि तिच्यामागे मारामारीचा पिच्चर लावला.
त्याला बंदोबस्त लागला नाही.

आता पेन्शनीत आहे.
तुमच्याकडे कुठं लागला, एखाद्या क्लबात, कॉलेजात,
तर कळवा.
भांडणं होत असतील तरी चालेल.
मला तो एकदा खुर्चीत बसून बघायचाय,
मधल्या रांगेत,
टोपी मांडीवर ठेवून.