दस्तगीरभाई बसले असताना

कागद रात्रीच भिजवून पाटावर ताणला होता,
चारी कडांना डिंकपट्टी.
सकाळी बोटानं टिचकी मारली,
तर भाई दारातूनच म्हणाले,
"पंचमाच्या जरा खाली आहे."

मिरजेत चैत्रातल्या उन्हात चेहरा रंगवू नये.
ओल गालापर्यंत पोचायच्या आत
कपाळ वाळून जातं.
म्हणून दुकानामागची खोली,
आढ्याला टांगलेले भीमाकाठचे भोपळे,
आणि दोन बरण्या पाणी:
एक ब्रश धुवायला, एक नुसती स्वच्छ राहायला.
पाणी मी सांगलीहून आणलं,
इथल्या बोअरचं खारं, रंगात दाणे धरतं.

आधी डोळे बारीक करायचे,
म्हणजे नाक, मिशी, टोपी जातात
आणि उरतात उजेड-सावलीचे दोन तुकडे.
चेहरा तेवढाच. बाकीची ओळख,
आणि ओळख चित्राला नडते.

पहिला हात: पिवळी माती, गेरूचा कण, पाणी भरपूर.
पाट कललेला,
ओघळाचा मणी ओढत न्यायचा
गालफडावरून हनुवटीकडे, न थांबता.
ओलं असतानाच जबड्याखाली निळ्याचा थेंब सोडायचा
आणि हात मागे घ्यायचा.
तो आपला आपण पसरतो.
हे हात मागे घेणं मला अकरा वर्षांनी जमलं.

मग वाट बघायची.
"हेअर ड्रायर आणलाय," मी म्हटलं.
भाई हसले. "भोपळा महिनोन् महिने वाळतो, बाई.
घाई केली की रात्री तडकतो,
घरभर ऐकू येतं."
ड्रायर पिशवीतच राहिला.

हलू नका म्हटलेलं, पण त्यांचे हात गप्प बसेनात.
सतारीची घोडी काढायची, कानस एकदाच फिरवायची,
परत बसवायची, तार छेडायची, ऐकायचं.
पुन्हा काढायची.
"जास्त घासलं गेलं तर?"
"तर हाड फेकायचं."
आमच्याकडे नाकपुडीखालचा गडद तसा,
सगळ्यात शेवटी, एकदाच.

तेवढ्यात ब्रशवरून थेंब पडला
अर्धओल्या गालावर.
फुलकोबीसारखा डाग उमलला, कडेला दातेरी.
मी टिश्यूनं टिपायला गेले.
भाई पोझ मोडून आले, बराच वेळ वाकले.
"राहू दे. तिथं देवीचे वण होते,
म्हातारपणी बुजले. तुमच्या पाण्याला बरं कळलं."
मला खरं वाटलं नाही.
तरी टिश्यू चुरगळून टाकला.

राहिला डावा डोळा.
पांढरी ट्यूब पेटीत आहे, मी उघडत नाही.
जलरंगात पांढरं लावायचं नसतं, राखायचं असतं,
पहिल्या हातापासून वळसा घालत घालत.
उजव्या बुबुळातला टाचणीएवढा उजेड असाच राखलेला.
डाव्यात मोतीबिंदू, दुधी, मसुरीएवढा.
("ऑपरेशन?" "दिवाळीनंतर."
कुठली दिवाळी, ते सांगितलं नाही.)
तिथं मी काहीच केलं नाही.
कोरडा कागद सोडला,
वर पापणीची कड ओढली, तीही अर्धीच.

संध्याकाळी त्यांनी पाटासकट चित्र उचललं,
उजेडाकडे धरलं,
चांगला डोळा मिटला
आणि दुसऱ्यानं बघत राहिले.
काय दिसलं, मी विचारलं नाही.
बाहेर कुणीतरी तानपुऱ्याचा भाव करत होतं.

गढूळ बरणी मी मोरीत ओतली.
स्वच्छ बरणीत दोन घोट उरले होते,
जाता जाता भाईंनी ते पिऊन टाकले.